परदेशात पासपोर्टचे नूतनीकरण आणि विवाहानंतरचे नाव : कायदा, कागदपत्रे आणि त्यांचा क्रम

नवी दिल्ली : विवाहानंतर पतीसोबत परदेशी गेलेल्या अनेक भारतीय महिलांचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असतो. काही वर्षांनी त्याची मुदत संपत येते आणि दोन प्रश्न एकदम समोर येतात. परदेशात राहून नवा पासपोर्ट कसा मिळवायचा आणि तो कोणत्या नावाने घ्यायचा? पहिला प्रश्न कार्यपद्धतीचा आहे आणि त्याची उत्तरे ठरलेली आहेत. दुसरा प्रश्न निवडीचा आहे. त्या निवडीचे परिणाम व्हिसा, नोकरी, बँक, मालमत्ता आणि मुलांची कागदपत्रे अशा सर्व व्यवहारांवर दीर्घकाळ होत राहतात. विवाहानंतर नाव बदलणे तुलनेने सोपे आहे. बदललेले नाव पूर्ववत करणे मात्र तितके सोपे नाही. म्हणून अर्ज भरण्यापूर्वीच या विषयातील कायदा, कागदपत्रे आणि ती करण्याचा क्रम समजून घेणे हिताचे ठरते.

नूतनीकरण म्हणजे नवी पुस्तिका

बोलण्यात आपण ‘पासपोर्टचे नूतनीकरण’ असे म्हणतो. परंतु प्रौढांच्या सर्वसाधारण पासपोर्टची दहा वर्षांची मुदत संपली की जुन्या पुस्तिकेची मुदत वाढवून मिळत नाही. नवी पुस्तिका दिली जाते आणि तिचा क्रमांकही नवा असतो. पासपोर्ट विभागाच्या भाषेत या सेवेला ‘री-इश्यू’ म्हणतात. मुदत संपणे, पाने संपणे, पुस्तिका खराब होणे किंवा हरवणे आणि नाव, जन्मतारीख यांसारख्या वैयक्तिक तपशिलात बदल होणे, या सर्व कारणांसाठी हीच सेवा आहे. त्यामुळे मुदत संपण्याच्या वेळी नावही बदलायचे असेल तर दोन स्वतंत्र अर्ज करावे लागत नाहीत. एकाच अर्जात दोन्ही कारणे नमूद करता येतात. त्याचबरोबर, केवळ नाव बदलायचे म्हणून मुदत संपण्याची वाट पाहणेही आवश्यक नसते.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. परदेशात राहणाऱ्यांनी ही सवलत पुरेपूर वापरावी. प्रवासाच्या वेळी पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा, अशी अट अनेक देशांत आहे. युरोपातील शेंगेन क्षेत्रात येणाऱ्या पाहुण्यांसाठी तेथून परत निघण्याच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असणे बंधनकारक आहे. त्यामुळे पुस्तिकेवर छापलेली शेवटची तारीख ही व्यवहारात शेवटची तारीख नसते.

पासपोर्टसंबंधीचा मूळ कायदा १९६७ चा आहे. या कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. अर्जात खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पूर्वीचे नाव, पूर्वीचा पासपोर्ट किंवा प्रलंबित फौजदारी प्रकरण यांविषयीचे रकाने म्हणूनच काळजीपूर्वक भरावे लागतात.

नाव बदलण्याची सक्ती नाही

विवाहानंतर स्त्रीने पतीचे नाव वा आडनाव लावलेच पाहिजे, असे सांगणारा कोणताही कायदा भारतात नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट विवाहामुळे अवैध ठरत नाही. नाव तेच ठेवून अर्जातील वैवाहिक स्थिती ‘विवाहित’ अशी नोंदवता येते आणि पतीचे नाव जोडीदाराच्या रकान्यात घालता येते. जोडीदाराचे नाव पासपोर्टवर असणे आणि आपल्या नावात पतीचे नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक अर्जदारांचा गोंधळ नेमका येथेच होतो. आश्रित व्हिसासाठी पती-पत्नीचे नाते सिद्ध करावे लागते; त्यासाठी विवाह प्रमाणपत्र हा मुख्य पुरावा असतो, दोघांचे आडनाव एक असणे हा नव्हे.

गेल्या दशकात नियमही या दिशेने सैल झाले आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केलेल्या बदलांनुसार विवाहित अर्जदारांना भारतात पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्र जोडण्याची सरसकट अट काढून टाकण्यात आली. घटस्फोटित किंवा विभक्त अर्जदारांना जोडीदाराचे नाव देण्याची सक्ती राहिली नाही. आई आणि वडील यांपैकी एकाचेच नाव देण्याची मुभा मिळाली आणि विविध घोषणापत्रे साध्या कागदावर, नोटरीच्या साक्षांकनाविना देता येऊ लागली. पासपोर्टसाठी महिलांना विवाहानंतर नाव बदलावे लागणार नाही, असे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही एप्रिल २०१७ मध्ये एका कार्यक्रमात स्पष्ट केले होते.

न्यायालयांची भूमिकाही महत्त्वाची आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांतील नावबदलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये, आपल्या नावावर व्यक्तीचे स्वतःचे नियंत्रण असणे हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये एका विवाहितेच्या याचिकेवर निर्णय देताना, पासपोर्टच्या अर्जासाठी पत्नीला पतीची परवानगी किंवा स्वाक्षरी आणण्याची गरज नाही, असे बजावले. या प्रकरणात पती-पत्नीत घटस्फोटाचा वाद सुरू होता आणि पासपोर्ट कार्यालय पतीच्या स्वाक्षरीसाठी अडून बसले होते. विवाहामुळे स्त्रीचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व संपत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

मराठी नावाची वेगळी अडचण

भारतीय पासपोर्टवर नावासाठी दोनच रकाने असतात. एक आडनावाचा आणि दुसरा दिलेल्या नावाचा. मराठी परंपरेतील नाव मात्र तीन पदरी असते. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. मधले नाव पासपोर्टवर ‘दिलेल्या नावा’च्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडून छापले जाते.

समजा, माहेरी ‘स्मिता वसंत देशपांडे’ असे नाव असलेली स्त्री विवाहानंतर ‘स्मिता अनिल कुलकर्णी’ झाली. घरच्यांच्या दृष्टीने हा सरळ बदल आहे. परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र आडनावासह दिलेल्या नावाचा निम्मा भागही बदललेला असतो. ज्या समाजांत मधले नाव जन्मभर तेच राहते, तेथे असा बदल संशयास्पद वाटू शकतो. विवाहप्रसंगी स्त्रीचे स्वतःचे नावही बदलण्याची प्रथा काही घरांत अजून आहे. त्या प्रसंगी जुन्या आणि नव्या नावात एकही शब्द सामाईक उरत नाही. असा बदल केवळ विवाह प्रमाणपत्राच्या बळावर सहसा मान्य होत नाही. त्यासाठी शपथपत्र, वृत्तपत्रांतील जाहिरात आणि राजपत्रातील प्रसिद्धी यांची जोड द्यावी लागते. महाराष्ट्रात राजपत्रातील नावबदलाचे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयामार्फत चालते.

एक मध्यम मार्गही उपलब्ध आहे. स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव तसेच ठेवून केवळ आडनाव बदलणे किंवा माहेर-सासरची दोन्ही आडनावे एकत्र लावणे. मात्र एकदा निवडलेला नमुना पुढे प्रत्येक कागदावर अक्षरशः तसाच ठेवावा लागतो. इंग्रजी वर्णलेखनातील एका अक्षराचा फरकही परदेशी संगणकीय नोंदींत दुसरी व्यक्ती ठरवू शकतो.

आडनावाचा किंवा नावाचा रकाना रिकामा असलेल्या पासपोर्टधारकांनी री-इश्यूची संधी साधून तो भरून घ्यावा. अमेरिकेच्या व्हिसा नोंदीत दिलेले नाव रिकामे असल्यास त्या जागी ‘पहिले नाव अज्ञात’ या अर्थाची ‘एफएनयू’ ही अक्षरे येतात आणि पुढे बँक, परवाना सर्वत्र तीच चिकटून राहतात. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्या पाहुण्यांच्या प्रवेशावर निर्बंध आणले, तेव्हा अनेक भारतीय प्रवाशांना या त्रुटीची जाणीव झाली.

अर्ज कसा होतो

परदेशातील भारतीय नागरिकाने तो राहत असलेल्या भागाची जबाबदारी असलेल्या दूतावासाकडे, उच्चायुक्तालयाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे अर्ज करायचा असतो. परदेशांतील दूतावासांसाठी असलेल्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर नोंदणी करून देश निवडायचा, अर्ज भरायचा, त्याची छापील प्रत घ्यायची आणि कागदपत्रांसह सादर करायचा, असा क्रम आहे. बहुतेक मोठ्या देशांत कागदपत्रे स्वीकारण्याचे काम खासगी सेवा पुरवठादार कंपन्यांकडे सोपवलेले आहे. पासपोर्ट देण्याचा निर्णय मात्र दूतावासाचाच असतो. शुल्क स्थानिक चलनात भरावे लागते. त्यात सेवा शुल्काबरोबर भारतीय समुदाय कल्याण निधीसाठीची छोटी रक्कमही असते.

सर्वसाधारणपणे लागणारी कागदपत्रे अशी :

• मूळ पासपोर्ट आणि त्याच्या माहितीच्या पानांच्या प्रती
• वास्तव्याच्या देशातील कायदेशीर वास्तव्याचा पुरावा, जसे व्हिसा, निवास परवाना किंवा कायम निवास कार्ड
• सध्याच्या पत्त्याचा पुरावा
• विहित मापाची छायाचित्रे
• नाव बदलायचे असल्यास विवाह प्रमाणपत्र आणि दूतावासाने सांगितलेले घोषणापत्र किंवा संयुक्त शपथपत्र

दूतावासांच्या याद्यांत देशपरत्वे फरक असतो. भारतातील पासपोर्ट केंद्रात चालणारे कागदपत्र परदेशात चालेलच असे नाही. भारतात २०२५ पासून विवाह प्रमाणपत्राला पर्याय म्हणून पती-पत्नीच्या संयुक्त छायाचित्रासह स्वाक्षरी केलेले ‘जोडपत्र जे’ उपलब्ध झाले आहे. परदेशातील अर्जदाराने मात्र आपल्या दूतावासाची यादी हीच अंतिम मानावी.

अर्जाची शहानिशा करताना जुन्या पासपोर्टच्या नोंदी तपासल्या जातात आणि आवश्यक वाटल्यास भारतातील पत्त्यावर पोलीस पडताळणीही होते. नाव बदललेल्या अर्जांची छाननी तुलनेने अधिक असते. भारतातील पत्त्यावर कुटुंबीयांना याची पूर्वकल्पना देऊन ठेवल्यास वेळ वाचतो. जुनी पुस्तिका रद्द करून परत दिली जाते. ती कधीही टाकून देऊ नये. दरम्यान तातडीने भारतात येण्याची वेळ आली आणि पासपोर्ट उपलब्ध नसला, तर दूतावास भारतात येण्यापुरते एकेरी प्रवासाचे आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो.

विवाहाचा पुरावा

विवाह भारतात झाला असेल तर सक्षम निबंधकाचे नोंदणी प्रमाणपत्र हा सर्वांत भक्कम पुरावा. लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती किंवा पुरोहितांचा दाखला त्याची जागा घेऊ शकत नाही. सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये दिले होते. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा स्वतंत्र कायदा १९९८ चा आहे. परदेशी जाण्याच्या घाईत नोंदणी राहून जाते आणि नंतर त्यासाठी दोघांना रजा काढून गावी यावे लागते, हा नेहमीचा अनुभव आहे. प्रमाणपत्रात वधूचे विवाहापूर्वीचे पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणेच लिहिले गेले आहे ना, हे तेथेच तपासून घ्यावे.

हे प्रमाणपत्र परदेशी कार्यालयात वापरायचे असेल तर त्यावर ‘अपोस्टिल’ लागते. राज्य शासनाच्या नियुक्त यंत्रणेकडून पडताळणी झाल्यावर परराष्ट्र मंत्रालय ते देते. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये या व्यवस्थेत आला. सदस्य नसलेल्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचे स्वतंत्र साक्षांकन घ्यावे लागते.

विवाह परदेशात, तेथील कायद्यानुसार झाला असेल तर तेथील नागरी निबंधकाचे प्रमाणपत्र लागते. ते इंग्रजीत नसल्यास अधिकृत भाषांतर आणि बहुधा अपोस्टिल जोडावे लागते. दोघांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असल्यास १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानुसार भारतीय दूतावासातील विवाह अधिकाऱ्यासमोरही विवाह करता येतो. परदेशी कायद्याने झालेल्या विवाहाला प्रमाणित करून घेण्याची सोय याच कायद्यात आहे.

वास्तव्याच्या देशाचा कायदा

पासपोर्टवर कोणते नाव असावे हे भारत ठरवतो. त्या देशातील स्थानिक नोंदींत कोणते नाव असावे याचे नियम मात्र तेथील सरकारचे असतात. कॅनडातील क्युबेक प्रांतात १९८१ पासून विवाहानंतरही पती-पत्नी जन्मनावानेच नागरी व्यवहार करतात. ग्रीसमध्ये १९८३ च्या कायद्याने स्त्रियांचे जन्मनाव विवाहानंतर कायम राहते. फ्रान्समध्ये जन्मनाव बदलत नाही, जोडीदाराचे आडनाव फक्त ‘वापरातील नाव’ म्हणून लावता येते. याउलट जपानच्या नागरी कायद्यात जपानी पती-पत्नीने एकच आडनाव निवडणे सक्तीचे आहे. परदेशी जोडीदाराला मात्र तो नियम आपोआप लागू होत नाही. जर्मनीत मे २०२५ पासून नावविषयक नवा कायदा लागू झाला असून, व्यक्तीच्या नावाला तिच्या नागरिकत्वाच्या देशाऐवजी नित्य वास्तव्याच्या देशाचा कायदा लावण्याचे तत्त्व त्यात स्वीकारले आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, भारतीय पासपोर्टवर नवे नाव आले तरी स्थानिक नोंदी आपोआप बदलत नाहीत, आणि स्थानिक विवाह प्रमाणपत्रावर नवे नाव असले तरी पासपोर्ट आपोआप बदलत नाही. दोन्ही नोंदी जुळेपर्यंतचा काळ सर्वांत अडचणीचा असतो.

व्हिसा आणि प्रवास

जुन्या पासपोर्टवरील वैध अमेरिकी व्हिसा नवा पासपोर्ट आल्यावरही वापरता येतो; दोन्ही पुस्तिका सोबत ठेवाव्या लागतात. नाव बदललेले असल्यास मात्र प्रवास सुकर व्हावा यासाठी नवा व्हिसा घेण्याची शिफारस तेथील परराष्ट्र विभाग करतो. ब्रिटनमध्ये निवासाची नोंद आता ‘ई-व्हिसा’ स्वरूपात असल्याने पासपोर्ट बदलताच ऑनलाइन खात्यात नवा क्रमांक आणि नाव भरावे लागते. ऑस्ट्रेलियाचा व्हिसाही पासपोर्ट क्रमांकाशी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जोडलेला असतो. तेथील विभागाला न कळवता नव्या पुस्तिकेवर विमानतळ गाठल्यास विमान कंपनी प्रवाशाला थांबवू शकते.

विमानाचे तिकीट ज्या पासपोर्टवर प्रवास होणार आहे त्यावरील नावानेच असावे. व्हिसा, निवास परवाना किंवा कायम निवासाचा अर्ज प्रलंबित असताना नाव बदलणे शक्यतो टाळावे. मध्येच बदल झाल्यास त्या कार्यालयास पुराव्यासह कळवणे आवश्यक ठरते आणि प्रकरण लांबू शकते.

परतीची वाट

घटस्फोटानंतर माहेरच्या नावावर परतायचे असेल तर पुराव्याचा भार वाढतो. साधारणतः न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागितली जाते. हुकूमनामा परदेशी न्यायालयाचा असेल तर तो भारतात मान्य होण्यासारखा आहे का, हा प्रश्न उभा राहतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये परदेशी निकालांच्या मान्यतेच्या अटी आहेत. एका पक्षाच्या गैरहजेरीत किंवा भारतीय विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर दिलेला परदेशी घटस्फोट सहजासहजी ग्राह्य धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले आहे.

घटस्फोट झालेला नसताना माहेरचे नाव परत घेणे त्याहून कठीण ठरते. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करताना पतीचे ना-हरकत पत्र किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा मागणाऱ्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेला एका महिलेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. विवाहानंतर नाव बदलताना वडिलांचे ना-हरकत पत्र कोणी मागत नाही. ते परत घेताना मात्र पतीच्या संमतीचा प्रश्न येतो. परदेशात, पतीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या स्त्रीसाठी ही विषमता कागदोपत्री राहत नाही. तिचा भारतात परतण्याचा किंवा स्वतंत्र नोकरी शोधण्याचा मार्ग त्यामुळे अडू शकतो.

परदेशी नागरिकत्व घेतल्यास

परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते आणि भारतीय पासपोर्ट दूतावासात जमा करावा लागतो. त्यानंतर नावबदल त्या देशाच्या पासपोर्ट नियमांनुसार होतो. अशा व्यक्तीकडे ओसीआय कार्ड असल्यास, नवा पासपोर्ट आणि छायाचित्र संकेतस्थळावर कधी चढवायचे याचे नियम वयानुसार ठरलेले आहेत. एप्रिल २०२१ मध्ये ते सुलभ करण्यात आले. जोडीदार या नात्याने ओसीआय कार्ड मिळालेल्या परदेशी वंशाच्या व्यक्तीस प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर विवाह अस्तित्वात असल्याचे घोषणापत्रही द्यावे लागते. नावच बदलले असेल तर कार्ड नव्याने काढणे इष्ट.

क्रम कसा ठेवावा

नाव बदलण्याचा निर्णय झाला असेल तर पुढील क्रम सोयीचा ठरतो.

१. विवाह नोंदणी प्रमाणपत्र मिळवून त्यातील नावे तपासणे आणि गरज असल्यास अपोस्टिल करून घेणे.
२. प्रलंबित व्हिसा अर्ज आणि ठरलेला प्रवास पाहून पासपोर्टच्या अर्जाची वेळ ठरवणे.
३. नवा पासपोर्ट घेणे.
४. व्हिसा, निवास परवाना आणि स्थानिक ओळखपत्रे बदलणे.
५. कामाचे ठिकाण, बँक, विमा आणि कर विभाग यांना कळवणे.
६. भारतातील पॅन, आधार, अनिवासी बँक खाती आणि मालमत्तेच्या नोंदी जुळवणे.

पदवी प्रमाणपत्रे बहुधा जुन्याच नावाची राहतात. ती आणि नवा पासपोर्ट यांना जोडणारा दुवा म्हणजे विवाह प्रमाणपत्र आणि रद्द झालेला जुना पासपोर्ट. या दोन्हींच्या मूळ प्रती आणि स्कॅन केलेल्या प्रती कायम जपाव्यात.

नाव बदलायचे नसेल तर या यादीतील बहुतेक पायऱ्या लागतच नाहीत. केवळ मुदत संपली म्हणून केलेला री-इश्यूचा अर्ज तुलनेने सरळ असतो. म्हणून अर्जातील ‘नाव बदलले आहे का’ या प्रश्नावर खूण करण्यापूर्वी, तो निर्णय आपला स्वतःचा आहे की केवळ रीत म्हणून घेतला जात आहे, याचा विचार अर्जदाराने करावा. कायद्याने ती निवड तिच्यावरच सोपवली आहे.